आमच्या लार्पमध्ये जादूचं सामान हाच पैसा केला, आणि दुसऱ्या दिवशी बाजारच बसला

जांभ्याचा चिरा | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. आज रडगाणं घेऊन आलोय.

बेळगाव-खानापूरकडची आम्ही काही पोरं-पोरी दोन वर्षं लार्प खेळतो. माहीत नसेल त्यांच्यासाठी: टेबलाशी बसून फासे टाकायचे नाहीत. अंगावर अंगरखे चढवायचे, हातात फोमच्या तलवारी घ्यायच्या आणि दोन दिवस दुसरंच कुणीतरी होऊन जगायचं. नाटकच, पण संहिता नाही आणि बघायलाही कुणी नाही. जांबोटी रस्त्याला मामाचं शेत आहे. भात कापून झालं की शिवार मोकळं. यंदा तिथं ३४ जण जमलो.

माझ्या डोक्यात किडा वळवळला की खेळात वेगळी नाणी नकोतच. जादूच्या वस्तू ज्या सामानातून घडवायच्या तेच सामान पैसा म्हणून चालवायचं. मग सामान जमवलं. काळबीड म्हणजे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) बोटाएवढे ठोकळे, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतल्या ओळखीतून भंगाराच्या भावात मिळाले. नागजर म्हणजे जरीचा धागा, वितीवर मोजायचा. वज्रबी म्हणजे सागरगोटी, गजग्याची बी. आणि सूर्यखडा म्हणजे चक्क गूळ, सुपारीएवढे खडे कागदात गुंडाळून. तलवार मंतरायला ४ काळबीड आणि १ वीत नागजर, जखमेच्या काढ्याला ३ वज्रबी आणि १ सूर्यखडा, असे नुस्खे वहीभर लिहिले. खाणावळीतला चहा, पहारेकऱ्याची लाच, ओलिसाची खंडणी, सगळं यातच.

शनिवारी झकास चाललं. रविवारी सकाळी बघतो तर काळबीड आणि नागजर बाजारातून गायब! दोन दिवसांत ३४ जणांनी मिळून मंतरलेल्या वस्तू किती घडवल्या असतील? ३. अक्षरी तीन. एक गडी ११ काळबीड कनवटीला बांधून फिरत होता. तो तीनदा मेला, पण एकही ठोकळा त्यानं तलवारीत घातला नाही.

वज्रबीचं उलटं झालं. मामाच्या कुंपणात सागरगोट्याचं जाळं आहे हे मी विसरलो होतो, बाकीचे विसरले नव्हते. शनिवारी सकाळी चहा १ वज्रबी, रविवारी दुपारी १५. शेवटी खाणावळवाली म्हणाली, "हे गजगे घेऊन मी काय करू गा? जा, कुंपणात परत टाक."

धड चालला तो एकटा गूळ. त्यालाही मुंग्या.

आता सांगा, कुठं चुकलं? पुढचा खेळ महिन्याभरात आहे.

खुर्चीतला पुणेकर | रविवार, रात्री ११:५२

चूक शीर्षकातच आहे. कच्चा माल कच्चा माल, पैसा पैसा. पुठ्ठ्याची नाणी कापा, रंग मारा, विषय संपला. ज्या वस्तूचा उपयोग आहे ती चलन म्हणून चालत नाही.

निवृत्त रोखपाल | सोमवार, सकाळी ६:१०

पुणेकरसाहेब, चालत नाही कसं? आपल्याकडं कवडी शेकडो वर्षं चालली. ४ कवड्यांचा एक गंडा, असं गणित होतं. 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' हे शब्द त्या बाजारातूनच आले. सतराव्या शतकात गुजरातेत इराणातून आलेले कडू बदाम सुट्ट्या पैशासारखे चालायचे. कडूच का? कारण गोड असते तर गिऱ्हाइकानं वाटेतच संपवले असते.

माझी सगळी नोकरी नोटा मोजण्यात गेली, म्हणून राहवलं नाही. चिरेसाहेब, तुमच्या खेळात बिघाड एक नाही, दोन आहेत. सागरगोटीची आवक मोकाट सुटली. काळबिडाची जावकच नव्हती. औषध दोन्हींचं वेगळं.

निपाणीकर | सोमवार, सकाळी ८:३०

सागरगोटीचं वाचून हसू आवरेना. आमच्या निपाणीत तंबाखूवर पिढ्या गेल्या, म्हणून हा किस्सा पाठ आहे. सतराव्या शतकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तंबाखू हेच चलन होतं. कर तंबाखूत, देणी तंबाखूत. मग काय, ज्याला पैसा पाहिजे त्यानं रान नांगरलं आणि पैसा पेरला! भाव कोसळला. त्यात लोक चांगलं पान विकायला ठेवायचे आणि देणं फेडायला काडीकचरा. अखेर १७३० साली त्यांनी कायदा करून सरकारी वखारीत माल तपासून घेण्याची सक्ती केली, वाईट माल तिथंच जाळायचे.

तुमच्या मामाचं कुंपण म्हणजे व्हर्जिनिया झालं बघा. पुढच्या वेळी सागरगोटीवर खूण करा. लाखेचा ठिपका पुरे.

शहापूरची शालू | सोमवार, सकाळी ११:०५

मी लार्पबिर्प खेळत नाही. पोरगा खेळतो, म्हणून ही चर्चा उघडली. पण जरीचं नाव निघालं, आता दोन ओळी लिहिणारच.

आमचं घर मागवाल्यांचं. सासूबाईंची एक जुनी साडी होती, पदराला खरी जर. खरी जर म्हणजे रेशमाच्या गाभ्यावर चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. घरात अडचण आली की साडी ट्रंकेतून बाहेर यायची, दोन दिवस पलंगावर पडून राहायची आणि परत ट्रंकेत जायची. कारण तिचं दोनच करता येतं, एक तर नेसायची नाही तर मोडायची. मोडायची म्हणजे पदर कापून जाळायचा, रेशीम जळतं, खाली चांदी उरते. जुनी जर घेणारे दारावर यायचे, ते वजन करून पैसे द्यायचे.

त्या साडीवरून घरात कितीदा बोलणं झालं सांगू? सासूबाई म्हणायच्या, लग्नात नेसली ती जाळू? आणि सासरे म्हणायचे, नेसतेस तरी कुठं? शेवटी १९८० च्या आसपास धाकट्या दिरांच्या फीसाठी गेली. चांदीचा गोळा एवढासा निघाला, लिंबाएवढाही नाही.

तुमच्या त्या ११ ठोकळेवाल्याला मी नावं ठेवणार नाही. माझ्या सासूबाईच त्या.

जांभ्याचा चिरा | सोमवार, दुपारी १:४०

शालूमावशी, हेच! मला नेमकं हेच पाहिजे होतं आणि नीट सांगता येत नव्हतं.

पुणेकर, म्हणूनच पुठ्ठ्याची नाणी नकोत. नाणं देताना खेळाडूला काही वाटत नाही, चहा प्यायला, सुटला. पण चहासाठी काळबीड टाकताना त्याला वाटलं पाहिजे की अरे, आपल्या तलवारीचा एक चतुर्थांश या गिळगिळीत चहात गेला. लाच देताना पोटात कालवलं पाहिजे. ते कालवणं म्हणजेच खेळ. नाणी आणली की ते गेलं.

अडचण एवढीच की लोकांच्या पोटात इतकं कालवलं की त्यांनी काहीच खर्च केलं नाही.

घटप्रभा | सोमवार, दुपारी ३:१५

इंग्लंडमध्ये 'एम्पायर' नावाचा लार्प २०१३ पासून चालू आहे, दर वर्षी चार खेळ, मोठा जमाव. तिथं नोकरीला असताना मी दोनदा गेलेय, म्हणून सांगते.

त्यांच्याकडं नाणी आहेत: २० रिंगचा एक क्राऊन, ८ क्राऊनचा एक थ्रोन. पण गंमत नाण्यांत नाही. सोबत आठ प्रकारचं जादूचं सामान असतं. चार धातू आणि चार वनातल्या चीजा: हिरवं लोखंड, ऑरिकॅल्कम, ड्रॅगनचं हाड, बेगरवुड, अशी नावं. तुमचं पात्र खाणमालक असेल तर खेळाच्या सुरुवातीला पाकिटात धातूच्या विटा मिळतात, जंगलवाला असेल तर वनमाल. शेतीवाल्याला रोख. म्हणजे प्रत्येकाकडं एक जास्त आणि दुसरं कमी. देवघेव केल्याशिवाय गत्यंतर नाही. सामानाला ठरलेला भाव नाही, तंबूतंबूत घासाघीस चालते. मंत्रासाठी 'माना' म्हणजे जादूची शक्ती लागते, तिचे स्फटिक असतात, तेही लोक सर्रास पैशासारखे फिरवतात.

आणि मुख्य गोष्ट: तिथली जादूची वस्तू एका वर्षानं निकामी होते. तलवार परत घडवायची, सामान परत लागणार. त्यामुळं मागणी कधी संपत नाही.

तुमच्यात तलवार एकदा मंतरली की जन्मभर चालते का?

जांभ्याचा चिरा | सोमवार, दुपारी ३:२२

हो. जन्मभर. लिहितानाच चूक दिसली.

पण उलटा प्रश्न, वस्तू कायमची टिकत होती तर लोकांनी ती उलट हौसेनं घडवायला नको होती का?

घटप्रभा | सोमवार, दुपारी ४:००

दोन दिवसांच्या खेळात? तलवार मंतरून मारायचं कुणाला? समोरच्याकडंही तीन वस्तूंतली एखादीच. कुणाला धोकाच नव्हता. धोका द्या, मग बघा ठोकळे कसे बाहेर येतात ते.

उद्यमबागी | सोमवार, सायंकाळी ७:४५

ते ठोकळे कुठल्या भट्टीतले ते मी ओळखलं, पण सांगणार नाही.

एक सुचवतो. तुम्ही पोलाद न वापरता बीड वापरलंय त्याचा फायदा घ्या. बीड ठिसूळ असतं, त्यात कार्बन जास्त. पोलादाचा तुकडा घणाखाली चपटा होतो, बिडाचा फुटतो. मग तलवार मंतरताना खेळातल्या लोहारानं गिऱ्हाइकासमोर ठोकळा ऐरणीवर ठेवून घणानं फोडायचा. फुटलेला तुकडा चलनातून बाद. टोपलीत टाका, परत वितळायला मी घेऊन जातो. कुणी चोरून वापरायचा प्रश्नच नाही, फुटलेलं बीड दिसतंच, आतून करडं दाणेदार.

आणि आवाज! बिडाचा फुटतानाचा आवाज पोलादासारखा टणत्कार नसतो, खट्ट होऊन मरतो. सगळ्या शिवारात कळेल की कुणीतरी खर्च केला.

मात्र डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय घण उचलायचा नाही. कपची उडते. लोहाराच्या जवळ दहा फुटांत कुणी उभं राहायचं नाही. जमलं तर वर पोतं टाकून मारा. आमच्या इथं एकाचा डोळा थोडक्यात वाचलाय, म्हणून ठासून सांगतो.

चंदगडी खेकडा | सोमवार, रात्री ९:३०

आणि एवढी चर्चा कशाला गा? दसऱ्याला आपण काय करतो? आपट्याचं पान देतो आणि म्हणतो सोनं घ्या. समोरचा घेतो आणि पाया पडतो. कौत्साला गुरुदक्षिणेला चौदा कोटी मोहरा पाहिजे होत्या, कुबेरानं झाडावर सोनं पाडलं, अशी कथा. लार्पच आहे तो, अख्ख्या गावाचा. आपट्याचीच पानं चालवा. दोन दिवसांत वाळतात, साठवून साठवणार किती?

निपाणीकर | सोमवार, रात्री ९:४१

आणि बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं खपवतात त्याचं काय? कांचनाचं पान मोठं असतं, आपट्याचं आखूड, जाड आणि खरखरीत. निम्म्या लोकांना फरक कळत नाही. खोटं सोनं खऱ्याच्या आधी खपतं!

घटप्रभा | सोमवार, रात्री १०:०५

आपटा नको, कृपा करा. दसऱ्याला झाडांच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडतात ते पुरे आहे. जांबोटीच्या बाजूला तर रान लागूनच आहे, उद्या ३४ जण रानात शिरून खजिना तोडायला लागले तर वनखातं खेळ म्हणून सोडणार नाही.

सीमेवरचा | सोमवार, रात्री १०:३०

मी तर म्हणतो खेळात दोन राज्यं करा. मधे सीमा, दोन्हीकडं वेगळं चलन, सीमेवरच्या गावात दोन्ही चालतं आणि दोन्हीकडचे अधिकारी येऊन पाट्या बदलून जातात. आम्हाला अभिनय करायची गरज नाही, ८६५ गावांचा अनुभव

संपादक | सोमवार, रात्री १०:४८

वरच्या प्रतिसादानंतरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. सीमाप्रश्नाला स्वतंत्र धागे आहेत, तिथं जावे. इथं गुळाबद्दल बोला.

सीमेवरचा | सोमवार, रात्री १०:५५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

निवृत्त रोखपाल | मंगळवार, सकाळी ६:०५

संपादकांचं ऐकून गुळाबद्दलच बोलतो. कारण चिरेसाहेबांच्या सगळ्या कथेत मला गूळच मोठा वाटला, आणि त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

गूळ का चालला? कारण रात्रभर ठेवला तर मुंग्या. खिशात ठेवला तर चिकट. भूक लागली तर स्वतःच खाल्ला. म्हणजे हातात आला की लवकरात लवकर दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा. १९३२ साली मंदीत ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावानं स्वतःच्या नोटा काढल्या होत्या. दर महिन्याला किमतीच्या १ टक्क्याचं तिकीट विकत घेऊन चिकटवलं तरच नोट चालू. तिकीट टाळायला लोक नोट झटपट खर्च करायचे. गावात रस्ते झाले, कामं मिळाली. पुढच्या वर्षी तिथल्या मध्यवर्ती बँकेनं ते बंद पाडलं, तो भाग वेगळा.

त्यांनी जे तिकीट लावून केलं ते तुमच्याकडं मुंग्यांनी फुकटात केलं. सुट्टा पैसा म्हणून गूळ ठेवा आणि हवाबंद डब्याला बंदी घाला.

खुर्चीतला पुणेकर | मंगळवार, सकाळी ९:२०

मुंग्यांवर मौद्रिक धोरण. आता हे बघायला मीच येतो. पुण्याहून राणी चेन्नम्मा एक्सप्रेस बरी पडेल का?

चंदगडी खेकडा | मंगळवार, सकाळी ९:२६

ती बेंगळूरची, सांगली-मिरजेवरून बेळगावला येते. पुण्याहून दुसरी बघा. आणि येताना स्वतःची तलवार आणा, इथं उसनी मिळणार नाही.

शहापूरची शालू | मंगळवार, दुपारी १२:१५

जरीसाठी माझंही ऐका. वितीवर मोजू नका, प्रत्येकाची वीत वेगळी, भांडणं होतील. आणि नुस्ख्यात धागा नुसता दाखवून परत खिशात घालू देऊ नका. तलवारीच्या मुठीला खरोखर गुंडाळून गाठ मारायची आणि टोक कात्रीनं कापायचं. हल्लीची जर प्लास्टिकची, जाळायला जाऊ नका, घाण वास येतो. गाठ पुरे. पुढच्या खेळाला गाठ सोडून बघितली तर धागा चुरगळलेला असतो, तो परत चलनात चालत नाही हे आंधळ्यालाही कळेल.

जांभ्याचा चिरा | मंगळवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. आता असं ठरवतोय:

सुट्टा पैसा गूळ, डब्याला बंदी. सागरगोटीवर लाखेचा ठिपका, बिनठिपक्याची म्हणजे गजगा. काळबीड घणाखाली फुटणार, चष्मा आणि पोतं सक्तीचं, घण फक्त एकाच्याच हातात. जर मुठीला गाठ मारून. मंतरलेली वस्तू फक्त त्या खेळापुरती. आणि घटप्रभाताईंचं ऐकून शनिवारी रात्री शिवारात एक राक्षस सोडणार, साध्या तलवारीनं त्याला काही होत नाही.

सुरुवातीलाही सगळ्यांना सारखं वाटप बंद. लोहारांकडं बीड, विणकरांकडं जर, वैदूंकडं सागरगोटी.

पुणेकर, तुम्हाला गुळाचा व्यापारी करतो. चालेल?

खुर्चीतला पुणेकर | मंगळवार, रात्री ८:४४

चालेल. सेंद्रिय गूळ असेल तर.

जांभ्याचा चिरा | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:१०

वृत्तांत टाकतो म्हणालो होतो. अंग आंबलंय, थोडक्यात लिहितो.

२९ जण आले. मंतरलेल्या वस्तू १७ झाल्या. त्यातल्या ९ शनिवारी रात्री एका तासात, कारण राक्षस बांधावर येऊन उभा राहिला होता. आमची लोहारीण एका हातानं चष्मा सावरत पोत्याखाली ठोकळे फोडत होती, आणि उद्यमबागींनी म्हटलं तस्संच झालं: खट्ट, आणि मग एक क्षण शांतता. प्रत्येक खट्टला रांगेतल्या कुणाच्या तरी तोंडून 'आई गं' निघायचं. एकानं तर "थांबा, थांबा" म्हणून शेवटचा ठोकळा पोत्याखालून परत ओढून घेतला. त्याची तलवार अर्धी मंतरलेली राहिली, राक्षसानं त्यालाच पहिला उचलला.

गुळाचा भाव शनिवार ते रविवार जवळपास स्थिर राहिला. पुणेकरांनी रविवारी सकाळी पाण्याच्या परातीत वाटी ठेवून गूळ मुंग्यांपासून वाचवला आणि मक्ता जमवायला बघितला. नियमात डब्याला बंदी होती, परातीला नव्हती. पुढच्या वेळी परातही बंद.

फसलं ते सागरगोटीचं. लाख कुणाच्याही घरी सापडते. रविवारी दुपारी दोन वेगळ्या लाल रंगांचे ठिपके बाजारात होते.

खुर्चीतला पुणेकर | रविवार, रात्री १०:३०

परातबंदी हा अन्याय आहे. ती युक्ती आमच्या आजीची, दुधाच्या पातेल्यासाठीची, पेटंट आमचं.

निपाणीकर | रविवार, रात्री १०:३८

दोन लाल ठिपके! ठिपका पुरे म्हणालो ते माझं चुकलं, तपासणीची वखारच काढायला पाहिजे होती.

उद्यमबागी | रविवार, रात्री ११:०२

फुटलेलं बीड मोजून घेतलं. मी ६० ठोकळे दिले होते. फुटलेले ३८, न फुटलेले परत आले ११. बाकीचे ११ कुठं आहेत?

जांभ्याचा चिरा | रविवार, रात्री ११:१५

तेच ११. कनवटीवाला गडी या वेळी आलाच नव्हता, गेल्या खेपेचे त्याच्याकडंच राहिलेत. आत्ता फोन केला. म्हणाला, देतो रे, पण आईनं लोणच्याच्या बरणीत कैऱ्यांवर दडपण म्हणून फडक्यात बांधून ठेवलेत, बरणी उघडल्याशिवाय निघणार नाहीत.

शहापूरची शालू | रविवार, रात्री ११:२१

लोणच्यात बीड? गंज चढेल की! आईला म्हणावं, दगड ठेव.